न्हाणीतली लादी : विटाळापासून निसरड्यापर्यंत

ज्याने चाळीसेक वर्षे वर्गात तत्त्वज्ञान शिकवले त्याने बाथरूमच्या टाइल्सवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. पण माणूस कशाला चांगले म्हणतो आणि का म्हणतो, हा आमचा जुनाच प्रश्न आहे. तो ग्रंथांत जसा सापडतो तसा दुकानातही सापडतो.

आता बघा. महाडहून पोलादपूरकडे महामार्गाने निघालात, तर वाटेत टाइल्स-सॅनिटरीची दुकाने लागतात. गावातले घर नवे करायला काढलेले कुटुंब तिथे तास-दोन तास उभे असते. तिथे चार प्रश्न हमखास ऐकू येतात. पुसायला सोपी आहे का? दिसेल कशी? बॉक्सचा भाव काय? डाग पडतात का? पाचवा प्रश्न, म्हणजे ओल्या पायाने घसरायला होईल का, हा क्वचित कोणी विचारतो. आणि एक प्रश्न कोणीच विचारत नाही : ही लादी शुद्ध आहे का? शंभर वर्षांपूर्वी याच महाडात न्हाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याबाबत हाच प्रश्न पहिला होता, आणि त्यावरून डोकी फुटली होती. तो प्रश्न घरातून कसा गेला, खरोखर गेला का, आणि त्याच्या जागी काय आले, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात जुन्या घरापासून करू. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसदार. न्हाणी घरात नसे, परसदारी असे. बाजूला विहीर, एका कोपऱ्यात पाणी तापवायची चूल आणि तिच्यावर तांब्याचा हंडा. बाहेर जाणारे पाणी अळू-केळीच्या आळ्यात सोडलेले. घरातली जमीन मातीची, चोपणीने चोपलेली आणि शेणाने सारवलेली. आता शेणाची जमीन न्हाणीत चालत नाही, कारण रोज पाणी पडले की ती उखणते. म्हणून बाकी घर मातीचे असले, तरी न्हाणीत एक सपाट काळा दगड येई, ऐपत असेल तर चार चिरे येत. आमचे म्हणणे असे की सामान्य घरातली पहिली फरशी दिवाणखान्यात आली नाही, ती न्हाणीत आली. ती शोभेसाठी आली नाही, पाण्याने भाग पाडले म्हणून आली.

पाण्याची ही जाण या भागात फार जुनी आहे. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या दानलेखात लेण्याबरोबर पाण्याच्या पोढ्यांचाही उल्लेख येतो. पोढी म्हणजे टाके. रायगडावर राणीवसा म्हणून जी दालने दाखवतात, त्यांना शौचकूप जोडलेले आढळतात. म्हणजे पाणी साठवायचे कुठे आणि सांडायचे कुठे, हे इथल्या पाथरवटांना पक्के ठाऊक होते. पण तंत्र ठाऊक असणे आणि ते सर्वांच्या वाट्याला येणे यांत मोठे अंतर असते. सामान्य घराच्या न्हाणीत तो एक दगडच राहिला.

त्या दगडावर बसून आंघोळ झाली की माणूस 'शुद्ध' होई. लक्षात घ्या, स्वच्छ नव्हे, शुद्ध. हे दोन शब्द आपण आज एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांचे व्याकरण वेगळे आहे. स्वच्छता डोळ्यांना दिसते, हाताला लागते. मळ होता, तो गेला, संपले. शुद्धता दिसत नाही. ती कोणाचा स्पर्श झाला, कोणत्या वेळी झाला, कोणत्या क्रमाने झाला, यावर ठरते. सोवळ्यातले माणूस घामाने भिजलेले असले तरी शुद्ध, आणि स्वच्छ धुतलेले कपडे घातलेला माणूस विशिष्ट घरात जन्मला म्हणून अशुद्ध. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच प्रकाराची मीमांसा केली. घाण हा वस्तूचा गुणधर्म नसतो, समाजाने लावलेल्या मांडणीत जे बसत नाही त्याला तो समाज घाण म्हणतो, असा त्यांचा आशय. आपल्याकडे हे पुस्तकाआधी गावोगावच्या पाणवठ्यांवर वाचायला मिळत होते.

आता आपण १९२०च्या दशकात येऊ. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला उरण आणि दक्षिण टोकाला महाड. उरणला १९२२ साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्सचा कारखाना उभारला. तोपर्यंत श्रीमंतांच्या बंगल्यात रंगीत लादी येई ती विलायतेहून. सिमेंटची, नक्षीची, इथेच बनवलेली लादी ही त्या काळात स्वदेशीची गोष्ट होती. आपल्या पायाखालची जमीन आपणच तयार करावी, असा तो विचार.

आणि दक्षिण टोकाला काय चालले होते? सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४च्या जानेवारीत आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ला महाडला परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे याच परिसरातले कार्यकर्ते तिच्या तयारीत राबले होते. २० मार्चला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले.

त्यानंतर जे झाले ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. सनातनी मंडळींनी तळ्याची 'शुद्धी' केली. मंत्र म्हणत घागरींनी पंचगव्य तळ्यात ओतले. पंचगव्य म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. स्वच्छतेच्या दृष्टीने बघा : पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र. शुद्धतेच्या दृष्टीने बघा : माणसाचा स्पर्श धुऊन काढला. एकाच कृतीत दोन्ही शब्द एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलेले इतके ढळढळीत उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही. शेणाने जमीन सारवणे वेगळे, त्याला धूळ बसवण्याचा व्यावहारिक उपयोग होता आणि ते आमच्या आया-आज्यांच्या कष्टाचे काम होते. पण ज्या व्यवस्थेत शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाने बाटते, ती व्यवस्था स्वच्छतेबद्दल बोलतच नव्हती. ती माणसांच्या जागा ठरवत होती.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्ट १९२७मध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने निघून दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. तळे खासगी आहे असा दावा न्यायालयात लागला होता आणि मनाईहुकूम निघाला होता, म्हणून त्या वेळी तळ्यावर जाणे टळले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही. म्हणजे जिला सनातन म्हणत होते, तिची सनातनता कोर्टात टिकली नाही.

आता कोणी विचारेल, याचा टाइल्सशी संबंध काय? संबंध असा. उरणच्या लादीला कोणाचाही पाय चालत होता. ती कोणीही पुसावी आणि पुसली की झाली. ती विटाळत नाही, ती मळते. वस्तूने जात मोडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण काही वस्तू अशा असतात की त्यांच्यावर शुद्धतेचा हिशेब टिकवणे कठीण जाते. नळ ही तशी वस्तू, एस.टी.चा बाक ही तशी वस्तू, आणि धुता येणारी फरशी ही तशीच.

ही फरशी महाड-पोलादपूरच्या खेड्यांत आली ती मुख्यतः मुंबईच्या वाटेने. इथला माणूस गिरणीत, गोदीत गेला. चाळीच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी असे : हातभर कट्टा, दोन शहाबादी फरश्या, भोक. भांडी तिथेच, आंघोळ तिथेच. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत पाण्याचा निचरा, हवा, उजेड यांचे नियम आले आणि 'पाणी साचू देऊ नका' हा धडा गिरणगावाने रोजच्या सरावाने शिकला. शहाबादी फरशी ही गुलबर्गा भागातल्या शहाबादची, चुनखडकाची. तिथून रेल्वे मुंबईकडे आली म्हणून तो दगड मुंबई-पुण्यात पसरला. महाडला रेल्वे नव्हती. वीर स्थानकापर्यंत कोकण रेल्वे आली ती १९९०च्या दशकात. त्याआधी जड माल खाडीने, सावित्रीतून दासगाव-महाडकडे येई, नाहीतर घाटाने. मंगळुरी कौलाचेही तसेच. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि ते कौल गलबतांतून किनाऱ्याने वर सरकले. तेव्हा घराच्या डोक्यावर काय येणार आणि पायाखाली काय येणार, हे आवडीनिवडीच्या आधी वाहतूक ठरवत असे. हे आपण विसरतो.

चाकरमानी गणपतीला गावी आला की घरात एक सुधारणा करून जाई. एके वर्षी न्हाणीला शहाबादी, एके वर्षी भिंतीला सिमेंटचा गिलावा, मग कधीतरी कमरेएवढी पांढरी टाइल. ही पांढरी, चकचकीत, सहा इंची टाइल तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. इंग्रजी कंपनीशी नाते सांगणारी एच. अँड आर. जॉन्सन १९५८ साली इथे सुरू झाली, आणि काही वर्षांत गवंडी भिंतीच्या कुठल्याही टाइलला 'जॉन्सन' म्हणू लागले. पांढरा रंग का? विलायतेत ही टाइल दवाखाने, दुग्धालये, खाटीकखाने यांच्या भिंतींवर चढली होती, कारण पांढऱ्यावर मळ लपत नाही. रोगजंतूंचा सिद्धान्त मान्य झाल्यानंतरचे हे सौंदर्य. आमच्या मते न्हाणीतल्या पहिल्या पांढऱ्या टाइलबरोबर 'शुद्ध'ची जागा 'स्वच्छ'ने घेतली. देवघर तसेच राहिले, न्हाणी मात्र बदलली.

पण इथे थांबून चालणार नाही, कारण एक गोष्ट अजून घराबाहेर होती. संडास. जुन्या गावांत, शहरांत तो घरामागे, आणि त्याला मागून वेगळी वाट. त्या वाटेने मैला उचलणारा माणूस येई आणि जाई, घराच्या दर्शनी बाजूने कधीच नाही. कोकणात या प्रश्नाला हात घातला तो अप्पासाहेब पटवर्धनांनी. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखवले. हे काम एका जातीवर का, असा त्यांचा सवाल होता. संत गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तोही हाच सवाल करत.

मग सेप्टिक टाकी आली, फ्लश आला, आणि भिंतीची टाइल जमिनीवरही आली. संडास आणि न्हाणी एका छताखाली, पुढे एकाच खोलीत आली. ज्येष्ठ मंडळींनी नाके मुरडली. 'घरात संडास?' हे वाक्य आम्ही लहानपणी कितीतरी ओट्यांवर ऐकले आहे. ते मागे पडले ते उपदेशाने नाही. पाणी मारले की जिथे काहीच राहत नाही अशा पृष्ठभागाने ते मागे पडले.

तरीही एक प्रश्न उरतो. घरातला विटाळ गेला, की टाकीत गेला? टाइल चकचकीत झाली आणि सेप्टिक टाकी भरली, की ती उपसायला कोण येते? हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरी गटारात, टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतात, आणि ती माणसे कोणत्या वस्तीतली असतात हे सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, स्वच्छतेने शुद्धतेला घरातून हाकलले, पण गावातून अजून हाकललेले नाही. बाथरूम नवे करताना टाइलचा रंग निवडायला दोन दिवस जातात. टाकीचे झाकण यंत्राची नळी पोहोचेल असे आहे का, हे बघायला दहा मिनिटेही दिली जात नाहीत.

आता गेल्या पंचवीस-तीस वर्षांकडे येऊ. आज दुकानातली बहुतेक टाइल येते गुजरातच्या मोरबीहून. तिथे आधी नळीची कौले होत, आणि भिंतीवरची घड्याळेही. ११ ऑगस्ट १९७९ला मच्छू धरण फुटले आणि मोरबी गाव वाहून गेल्यासारखे झाले. त्याच गावाने पुढे देशातली बहुतांश सिरॅमिक टाइल बनवायला घेतली. तिची किंमतही आहे. भट्ट्यांसाठी कोळशाचा वायू वापरणाऱ्या यंत्रणा बंद करायला हरित न्यायाधिकरणाला २०१९ साली आदेश द्यावा लागला. सिलिकाच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस हा या धंद्याचा जुना रोग आहे. आपली न्हाणी चकाकते तेव्हा कोणाच्या तरी छातीत धूळ साठलेली असू शकते.

याच काळात टाइलवर संगणकाने छपाई सुरू झाली. आता टाइल संगमरवरासारखी दिसते, लाकडासारखी दिसते, शहाबादीसारखीसुद्धा दिसते. म्हणजे 'स्वच्छ'च्या जागी 'सुंदर' आले. दोन बाय चार फुटांची, आरशासारखी लादी बाथरूमच्या जमिनीवरही बसू लागली. आणि घरातली म्हातारी माणसे पडू लागली. भिंतीची टाइल आणि जमिनीची टाइल यांत फरक असतो, हे शहाबादी फरशीला कोणी शिकवावे लागले नव्हते, ती खरखरीतच होती. सुंदरच्या नादात आपण दगडाचा तो गुण गमावला.

आणि मग २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाड-पोलादपूरवर जे कोसळले ते तुम्ही पाहिले आहे. सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात घुसले, तळियेला डोंगर घरांवर आला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. तिथे गेलेल्या जिवांपुढे टाइल्सची गोष्ट काढणे अप्रशस्त वाटेल. पण वाचलेल्यांना त्याच घरांत परत राहायचे होते, आणि घरे चिखलाने भरलेली होती. पूर ओसरल्यावर घर राहण्याजोगे करणे म्हणजे आधी फावड्याने गाळ काढणे आणि मग पाणी मारणे. अशा वेळी कोणते पृष्ठभाग धुऊन निघतात आणि कोणते टाकून द्यावे लागतात, हे कळते. प्लायवूडचे दार फुगते. ज्या टाइलखाली सिमेंट सगळीकडे न भरता चार ठिपके दिलेले असतात, तिच्या पोकळीत पाणी राहते आणि ती सुटते. नीट, भरीव बसवलेली साधी टाइल टिकते. पावसाच्या, पुराच्या या मुलखात निवडीची कसोटी इथल्या पाण्याने सांगितलेली आहे, फक्त ती ऐकायला हवी.

तेव्हा निवडायचे कसे? इतिहास सांगणाऱ्याने सल्ला देऊ नये असे म्हणतात. पण ज्या इतिहासातून काहीच निघत नाही तो सांगावा कशाला? तर थोडके सांगतो.

जमिनीला मॅट, खरखरीत टाइल. निसरडेपणाचे दोन प्रकारचे आकडे असतात. 'आर-९' ते 'आर-१३' हे बूट घालून, तेलकट उतारावर घेतलेल्या चाचणीचे. 'ए', 'बी', 'सी' हे अनवाणी पायाने, साबणाच्या पाण्यात घेतलेल्या चाचणीचे. आपण न्हाणीत बूट घालत नाही, म्हणून दुसरा आकडा विचारा. दुकानदाराला ठाऊक नसेल, तर नमुन्यावर साबणाचे पाणी ओता आणि अनवाणी उभे राहून बघा. त्याने लाजू नये.

लादी लहान घ्या, एक फुटाची किंवा त्याहून लहान. सांधे जास्त म्हणजे पायाला धर जास्त, आणि जाळीकडे ढाळ चारही बाजूंनी नीट देता येतो. मोठ्या लादीला असा ढाळ देता येत नाही, मग पाणी कोपऱ्यात थांबते आणि बुळबुळीत होते. इथे पावसाळ्यात चार महिने काहीच वाळत नाही, हे विसरू नका.

पाणी शोषण्याचा आकडा बघा. भिंतीची सिरॅमिक टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते, व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्यापर्यंत. म्हणून भिंतीची टाइल उरली म्हणून जमिनीला लावू नये. रंग फिका घ्या. मळ दिसतो अशी तक्रार होते, पण मळ दिसायलाच हवा. गडद लादीवर घाण जात नाही, फक्त दिसेनाशी होते. आणि सांधे असे भरा की ॲसिड न ओतता ब्रशने निघतील, कारण ॲसिडचा धूर ब्रश हातात असलेल्या माणसाच्या घशात जातो.

तो माणूस कोण, हे निवडीच्या वेळी दुकानात बहुधा नसते. घरातली सून, आई, किंवा कामाला येणारी बाई. जिच्या हाती ब्रश आहे तिला आणि घरातल्या सर्वांत वयस्कर पायांना विचारून लादी ठरवा, असे आम्ही म्हणू. १९२७ साली या गावात प्रश्न होता, पाण्याला हात कोणी लावायचा. आज पाण्याला कोणीही हात लावतो, पण घाणीला हात कोणी लावायचा हे अजून आपण बऱ्याच घरांत न विचारताच ठरवतो. निदान न्हाणी बांधताना तरी ते विचारून ठरवावे.

एवढे बोलून थांबतो. आता प्रश्न असतील तर घेऊ. एक विनंती, कोणत्या कंपनीची टाइल घ्यावी, हे मात्र आम्हाला विचारू नका.